बिंदूचं स्वतःपासूनचं अंतर

१९२३ च्या जुलै महिन्यात म्युनिक विद्यापीठात वेर्नर हायझेनबर्ग या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा झाली. सैद्धांतिक प्रश्नांना तो सहज उत्तरं देत होता. मग प्रायोगिक भौतिकीचे प्राध्यापक विल्हेल्म वीन यांनी विचारलं, सूक्ष्मदर्शकाची भेदनक्षमता कशी काढतात? हायझेनबर्गला ते सांगता आलं नाही. वीन त्याला नापासच करायला निघाले होते. आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी बाजू सावरली म्हणून तो खालच्या श्रेणीत का होईना, सुटला. चार वर्षांनी, १९२७ मध्ये, अनिश्चिततेचं तत्त्व मांडताना त्याने उदाहरण घेतलं ते नेमकं इलेक्ट्रॉन बघू पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचं, आणि तिथेही भिंगाच्या तोंडाचा हिशेब तो विसरला. नील्स बोर यांनी चूक दाखवली आणि छपाईला गेलेल्या निबंधाला पुरवणी जोडावी लागली.

ही गोष्ट मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो. विद्यार्थ्यांना धीर यावा हा एक हेतू. दुसरा असा, की या पुस्तकात ज्या विषयाची ओळख करून दिली आहे, तो सगळा त्या सूक्ष्मदर्शकातूनच निघतो. हायझेनबर्ग भिंगाचं तोंड विसरला, बोर यांनी ते जोडलं. पण एक गोष्ट दोघांनीही हिशेबात धरली नव्हती आणि त्या वेळी ती धरायचं काही कारणही नव्हतं. इलेक्ट्रॉनवर येणाऱ्या प्रकाशकणाला ऊर्जा असते. ऊर्जा आहे तिथे गुरुत्वाकर्षण आहे. प्रकाशकण इलेक्ट्रॉनला धक्का देतो तसा तो त्याला ओढतोही.

ही ओढ अतोनात क्षीण आहे. पण ती शून्य नाही, आणि एवढ्या एका गोष्टीने अनिश्चिततेचं तत्त्व बदलतं, अवकाशाची भूमिती बदलते, आणि माझं म्हणणं असं की हे दोन बदल मुळात एकच आहेत. पुढची सगळी प्रकरणं या एका वाक्याभोवती फिरतात.

आधी शब्दांचं बघू. या बदललेल्या तत्त्वाला आम्ही 'विस्तारित अनिश्चितता तत्त्व' म्हटलं आहे. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून वाचली तर 'गप' असा उच्चार होतो, आणि मराठी वर्गात तो केला की पुढची दोन मिनिटं वाया जातात. 'पुंजयामिकी' हा शब्द परिभाषा कोशात आहे, चांगलाही आहे. तरी प्रयोगशाळेत आणि कॅन्टीनमध्ये सगळे क्वांटम मेकॅनिक्सच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच ठेवलं. 'संवेग', 'वक्रता', 'निर्देशांक' हे शाळेपासून ओळखीचे शब्द जसेच्या तसे वापरले आहेत.

आता एक जुना गैरसमज. हायझेनबर्गचा सूक्ष्मदर्शक वाचून विद्यार्थ्याला वाटतं, की इलेक्ट्रॉनला नेमकं स्थान आणि नेमका संवेग असतोच, आपण बघायला गेलो की ते बिघडतात. तसं नाही. अर्ल केनार्ड यांनी १९२७ मध्येच सिद्ध करून दाखवलं, आणि हॉवर्ड रॉबर्टसन यांनी १९२९ मध्ये सर्वसाधारण रूपात मांडलं, की अनिश्चितता ही अवस्थेचाच गुण आहे. कोणी बघो वा न बघो, स्थानाचा पसारा आणि संवेगाचा पसारा यांचा गुणाकार एका मर्यादेखाली जात नाही. ही मर्यादा कुठून येते? स्थान आणि संवेग या दोन क्रिया क्रमनिरपेक्ष नाहीत, यातून. आधी ही आणि मग ती केली, किंवा उलट केलं, तर उत्तरात ठरावीक फरक पडतो. रॉबर्टसन यांची असमानता एवढंच सांगते, की क्रमाचा फरक जितका, तितकी अनिश्चितता. हे लक्षात ठेवा. पुढे सगळी गंमत या 'क्रमाच्या फरका'तच आहे.

तरीही सूक्ष्मदर्शक टाकून देऊ नये. सिद्धांत अजून हातात आलेला नसतो तेव्हा विचारप्रयोग हाच काय तो आधार असतो, आणि गुरुत्वाचा क्वांटम सिद्धांत अजून आपल्या हातात आलेला नाही. हिशेब इतका छोटा आहे की तो इथेच करून टाकू. प्रकाशकणाची ऊर्जा घ्या. तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागलं की तिच्याइतकं वस्तुमान मिळतं. हा कण इलेक्ट्रॉनपासून 'अ' एवढ्या अंतरावरून जातो असं धरा. न्यूटनच्या नियमाने इलेक्ट्रॉनला मिळणारं त्वरण 'अ'च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. ही ओढ किती वेळ टिकते? प्रकाशकण तेवढं अंतर ओलांडून जाईपर्यंत, म्हणजे 'अ' भागिले प्रकाशवेग. इलेक्ट्रॉन किती सरकला हे काढायला त्वरणाला काळाच्या वर्गाने गुणायचं. काळाच्या वर्गात 'अ'चा वर्ग वर आहे, त्वरणात तो खाली आहे. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात गुरुत्व स्थिरांक, प्रकाशकणाची ऊर्जा आणि भागाकारात प्रकाशवेगाचा चौथा घात.

इथे पेन्सिल खाली ठेवून क्षणभर थांबावं. प्रकाशकण जवळून गेला काय नि लांबून गेला काय, इलेक्ट्रॉनचं सरकणं तेवढंच! ही जागा चुकवण्याची पळवाट नाही. स्थान बारकाईने बघायचं तर तरंगलांबी लहान हवी, म्हणजे ऊर्जा जास्त हवी. आणि ऊर्जा वाढवली की गुरुत्वाने होणारं हे सरकणं वाढतं. एक पद ऊर्जेबरोबर घटतं, दुसरं वाढतं. दोघांची बेरीज एका जागी सर्वांत लहान होते आणि ती जागा साधारण प्लांक लांबीएवढी येते. जुन्या तत्त्वात पांघरूण डोक्याकडे ओढलं तर पाय उघडे पडत, पण डोकं तरी पूर्ण झाकता येई. आता डोकंही पूर्ण झाकलं जात नाही.

हाच निकाल दुसऱ्या वाटेनेही मिळतो. एवढ्याशा जागेत खूप ऊर्जा कोंबली तर तिचं कृष्णविवर होतं, आणि त्याच्या क्षितिजाआडचं काही दिसत नाही. त्या क्षितिजाच्या त्रिज्येचं सूत्र काढा: दोनाचा गुणक सोडला तर तेच पद पुन्हा समोर उभं राहतं.

प्लांक लांबी म्हणजे १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात, इतके मीटर. हा आकडा वाचून कुणाच्याच डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून असं करा: एक प्रोटॉन फुगवून मुंबई ते पुणे या अंतराहून थोडा मोठा करा. त्याच पटीत प्लांक लांबी फुगवली, तर ती फुगून होते मूळ प्रोटॉनएवढी. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कणत्वरकातली ऊर्जा प्लांक ऊर्जेच्या सुमारे एक पद्मांशाइतकी आहे. त्वरक आणखी मोठे बांधून तिथे पोचू, अशी आशा कुणी बाळगत नाही.

इतिहासात शिरताना एक नाव आदराने घ्यायला हवं: मात्वेई ब्रॉनस्टाइन. १९३३ मध्ये बोर आणि लेऑन रोझेनफेल्ड यांनी दाखवलं होतं, की विद्युतचुंबकीय क्षेत्र तत्त्वतः हवं तेवढं अचूक मोजता येतं. परीक्षणाची वस्तू पुरेशी जड आणि पुरेशी प्रभारित घेतली की झालं. १९३६ मध्ये लेनिनग्राडच्या ब्रॉनस्टाइनने हाच प्रश्न गुरुत्वाला लावला आणि त्याच्या ध्यानात आलं, की इथे ही युक्ती चालत नाही. वस्तू जड करत गेलं तर ती स्वतःच्या क्षितिजात गडप होते. गुरुत्वात 'प्रभार' आणि 'जडपणा' एकच असल्यामुळे मोजणारा आणि मोजलं जाणारं यांना वेगळं ठेवता येत नाही. अवकाश आणि काळ यांच्या नेहमीच्या कल्पना सोडून द्याव्या लागतील, असं त्याने तेव्हाच लिहून ठेवलं. १९३८ च्या फेब्रुवारीत स्टालिनच्या पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. वय ३१.

त्यानंतर बराच काळ या वाटेला फार कोणी फिरकलं नाही. ऑल्डन मीड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने वर केलेला हिशेब नीट तपशिलात मांडला, तो १९६४ मध्ये छापून आला. परीक्षकांची समजूत घालण्यातच त्याची पाच वर्षं गेली होती. 'प्लांक लांबीला काही अर्थ आहे' हे म्हणणं तेव्हा वेडगळ वाटायचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वारं फिरलं. दानिएले अमाती, मार्चेल्लो चाफालोनी आणि गाब्रिएले वेनेझियानो यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड ग्रॉस व पॉल मेंडे यांनी, अफाट ऊर्जेच्या स्ट्रिंग एकमेकींवर आदळल्या तर काय होतं याचं गणित केलं. ऊर्जा वाढवावी तशी स्ट्रिंग लांबत जाते. बारीक सुई म्हणून जी वापरायला जावं ती जाड होत जाते. सूत्र पुन्हा तेच.

१९९५ मध्ये आखिम केम्फ, जिआनपिएरो मानगानो आणि रॉबर्ट मान यांनी या सगळ्याला गणिती घर बांधून दिलं. स्थान आणि संवेग यांच्यातला क्रमाचा फरक क्वांटम मेकॅनिक्समध्ये एक स्थिरांक असतो. त्यांनी त्याला संवेगाच्या वर्गाची शेपटी जोडली आणि तिच्यापुढे एक गुणक ठेवला, बीटा. बस, एवढंच. या शेपटीमुळे जे घडतं ते मात्र एवढंसं नाही. कण एका बिंदूवर आहे, अशी अवस्थाच शिल्लक राहत नाही. क्वांटम मेकॅनिक्समध्ये असा कण ही आदर्श कल्पना होती, तिच्या हव्या तेवढं जवळ जाता येत होतं. इथे तिच्याकडे जाणारा रस्ताच बंद होतो. सरल दोलकाच्या ऊर्जेच्या पायऱ्या, ज्या सारख्या उंचीच्या म्हणून आपण पाठ केलेल्या असतात, त्या वर चढावं तशा उंच होत जातात.

हे समजून घ्यायचा मला सर्वांत आवडणारा मार्ग लुई द ब्रॉग्ली यांच्या नियमातून जातो. संवेग जास्त, तरंगलांबी कमी, हे आपण बारावीत शिकतो. बीटाची शेपटी लावली की एक नवी राशी शोधता येते, तरंगसंख्या म्हणा, जिच्याशी स्थानाचं नातं जुन्यासारखंच साधं राहतं. संवेग हा या राशीच्या टॅन फलनासारखा वाढतो. टॅन कुठे अनंताला जातो? नव्वद अंशांवर. म्हणजे संवेग अनंतापर्यंत वाढत राहिला तरी तरंगसंख्या एका भिंतीला जाऊन टेकते आणि तरंगलांबी एका मर्यादेहून आखूड होत नाही. ही मर्यादा किमान स्थान-अनिश्चिततेच्या बरोबर चौपट. कण कितीही जोरात हाणा, त्याची लाट त्याहून बारीक व्हायचं नाकारते. कुणी कागदावर हे दोन ओळींत करून बघितलं तर या क्षेत्रातला निम्मा गूढपणा तिथेच उतरतो.

आता भूमिती. एक प्रवासी कोल्हापूरहून निघतो, सरळ उत्तरेला १००० किलोमीटर जातो, मग अक्षांश न सोडता पूर्वेला १००० किलोमीटर. दुसरा आधी पूर्वेला १००० जातो, मग उत्तरेला १०००. सपाट कागदावर दोघं एकाच ठिकाणी भेटले असते. पृथ्वीवर पहिला साधारण बलियापाशी पोचतो, दुसरा गाझीपूरजवळ, आणि दोघांमध्ये सुमारे ६० किलोमीटरचं अंतर उरतं. सरकण्याचा क्रम बदलला की मुक्काम बदलला. याचंच नाव वक्रता. क्वांटम मेकॅनिक्समध्ये सरकणं म्हणजे संवेग. म्हणून अवकाश वक्र असेल तर संवेगाचे घटक एकमेकांशी क्रमनिरपेक्ष राहत नाहीत.

आता हे चित्र उलटं करा. वक्रता अवकाशाला न देता संवेगांच्या अवकाशाला द्या. मग क्रमाचा हट्ट स्थानाच्या घटकांना लागतो: क्ष आणि य हे निर्देशांकच क्रमनिरपेक्ष राहत नाहीत, आणि दोन्ही एकाच वेळी नेमके सांगता येत नाहीत. नकाशावर टाचणी टोचायची सोय संपली. १९४७ मध्ये हार्टलंड स्नायडरने नेमकं हे केलं. त्याने संवेगांचं अवकाश वक्र घेतलं, त्यातून किमान लांबी मिळवली, आणि विशिष्ट सापेक्षतेला धक्का लागू दिला नाही. हाच तो स्नायडर, ज्याने १९३९ मध्ये ओपेनहायमरबरोबर तारा कोसळत कोसळत जातो कसा, याचं गणित केलं होतं. निर्देशांकांचा क्रम मोडण्याची कल्पना मूळ हायझेनबर्गचीच. १९३० मध्ये त्याने ती रुडॉल्फ पायरल्स यांना पत्रातून कळवली, त्यांच्याकडून ती पाउलीकडे, पाउलीकडून ओपेनहायमरकडे आणि तिथून स्नायडरकडे आली असं सांगतात. माक्स बोर्न यांनीही १९३८ मध्ये स्थान आणि संवेग हे एकमेकांचे आरसे असावेत, असा आग्रह धरला होता. बीटाची शेपटी ही या आरशातली वक्रता आहे. अनिश्चिततेच्या सूत्रात दिसते तेव्हा तिला आपण 'दुरुस्ती' म्हणतो, संवेगांच्या अवकाशात दिसते तेव्हा 'भूमिती'.

खरं तर भूमिती क्वांटम मेकॅनिक्समध्ये पाहुणी नाहीच. हे ज्यांनी स्पष्ट करून दाखवलं त्यांत शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आहेत. लूप क्वांटम गुरुत्वाचा पाया घालणारी त्यांची १९८६ ची नवी चलं प्रसिद्ध आहेत. ट्रॉय शिलिंगबरोबर त्यांनी केलेली क्वांटम मेकॅनिक्सची भूमितीय मांडणी त्या मानाने कमी वाचली जाते, आणि ती या पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचं मूळ आहे. सगळ्या क्वांटम अवस्थांचं मिळून एक अवकाश बनतं. त्या अवकाशात दोन अवस्थांमधलं अंतर मोजता येतं. एखादी मोजता येण्याजोगी राशी त्या अवकाशात एक वारा सोडते असं समजा. एका अवस्थेपाशी तो वारा जितका जोरात, तितकी त्या अवस्थेत त्या राशीची अनिश्चितता. जीव आनंदन आणि याकिर आहारोनोव यांनी १९९० मध्ये ऊर्जेसाठी हे नेमकं दाखवलं: अवस्था किती वेगाने बदलते, हे तिची ऊर्जा किती अनिश्चित आहे यावर ठरतं. म्हणजे गुरुत्व येण्याआधीपासूनच अनिश्चितता ही एका अवकाशातली लांबी होती. गुरुत्व आलं आणि अवस्थांच्या भूमितीची गाठ बाहेरच्या अवकाशाच्या भूमितीशी पडली.

बाहेरच्या अवकाशाच्या बाजूने ही गाठ सोडवण्याचा सर्वांत धीट प्रयत्न, माझ्या मते, मुंबईत सुरू झाला आणि पुण्यात पुढे गेला. थाणू पद्मनाभन १९८० च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि जयंत नारळीकरांबरोबर त्यांनी क्वांटम विश्वशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ १९८६ चा आहे. तेव्हापासून त्यांच्या मनात एक कल्पना होती: दोन घटनांमधलं अंतर अवकाश-कालाच्या क्वांटम चढउतारांतून सरासरी काढून बघितलं, तर त्याच्या वर्गात प्लांक लांबीच्या वर्गाइतकी भर पडलेली असावी. दोन बिंदू लांब असतील तर ही भर कुणाच्या लक्षातही येत नाही. ते एकमेकांवर आणून ठेवले तर? अंतर शून्य व्हायला हवं, पण भर उरतेच. एका बिंदूचं स्वतःपासूनचं अंतर शून्य नाही! १९९७ मध्ये त्यांनी याला एक सुरेख सममिती जोडली: कणाने घेतलेला मार्ग लांब असो, किंवा प्लांक लांबीचा वर्ग भागिले ती लांबी इतका आखूड असो, निसर्गाच्या लेखी दोन्हींचं वजन सारखं. मग अतिशय आखूड मार्गांना वेगळं अस्तित्व उरत नाही, आणि त्यांच्यामुळे क्वांटम क्षेत्रसिद्धांतात जे अनंत उगवतात तेही उगवत नाहीत.

पुण्याच्या 'आयुका' या संस्थेत आल्यावर दाऊद कोठावाला यांच्यासह पद्मनाभन यांनी याला वक्र अवकाश-कालात नेलं. किमान अंतर मानणारी भूमिती कशी लिहायची? नेहमीच्या भूमितीत जे अंतर अगदी लहान, तेच सगळ्याचा पाया असतं. इथे तो पायाच काढून घेतलेला. त्यांनी एका बिंदूवर वर्णन न करता बिंदूंच्या जोडीवर करायचं ठरवलं. त्यातून निघालेला एक निष्कर्ष अजूनही मला अस्वस्थ करतो: प्लांक प्रमाणावर गोळ्याचं घनफळ ज्या पटीने वाढतं ते पाहिलं तर अवकाश-काल चार मितींचा न वाटता दोन मितींचा वाटतो. संगणकावर त्रिकोणी तुकड्यांपासून अवकाश-काल विणणाऱ्या यान आम्ब्योर्न, येझी युरकिएविच आणि रेनाटे लॉल यांनाही २००५ मध्ये अगदी वेगळ्या वाटेने, अगदी लहान अंतरावर, दोनच्या जवळचा आकडा मिळाला होता. दोन अनोळखी माणसं वेगवेगळ्या रस्त्यांनी येऊन एकाच दारावर थाप देतात तेव्हा दार उघडून बघावं असं वाटतंच. आत कोणी आहे का, ते वेगळं. पद्मनाभन २०२१ च्या सप्टेंबरात गेले. ज्या वाचकाला या पुस्तकातून पुढे मूळ निबंधांकडे जायचं असेल, त्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी. गणित अवघड आहे, पण ते कुठेही लपवाछपवी करत नाहीत.

आता प्रयोग, आणि इथे जरा जपून चालायला हवं. २००८ मध्ये सौर्य दास आणि एलायस वाजेनास यांनी दाखवलं की बीटाची शेपटी कुठल्याही क्वांटम प्रणालीला लागू पडते, म्हणून हायड्रोजनच्या वर्णपटातही तिची खूण शोधता येईल. सैद्धांतिक अपेक्षा अशी, की प्लांक एककांत बीटा एकच्या आसपास असावा. हायड्रोजनच्या अत्यंत अचूक मोजमापांतून जी मर्यादा मिळाली ती म्हणते, बीटा १० च्या ३६ व्या घातापेक्षा मोठा नाही. हे म्हणजे हरवलेली सुई महाराष्ट्राबाहेर नाही हे सिद्ध करण्यासारखं झालं. तरी शोधाचा तो पहिला कागद होता, आणि तो कुणी तरी भरायला हवाच होता.

२०१३ मध्ये इटलीत पादुआजवळच्या ऑरिगा या गुरुत्वलहरी शोधकाकडून मर्यादा काढली गेली. तो होता सुमारे तीन मीटर लांबीचा, दोन टनांहून जड ॲल्युमिनियमचा दांडा, अतिशय थंड केलेला. त्याचं कंपन किती शांत होऊ शकतं, यावरून बीटा किती मोठा नसावा हे ठरवायचं. २०१५ मध्ये प्लांक वस्तुमानाच्या, म्हणजे २२ मायक्रोग्रॅमच्या, मागेपुढे वस्तुमान असलेल्या सूक्ष्म दोलकांवर प्रयोग झाले: झोका मोठा केला तर वारंवारता बदलते का? बीटा खरा असेल तर बदलायला हवी. मर्यादा खूपच घट्ट झाल्या.

पण कुणाच्या बीटाच्या? प्लांक संवेग म्हणजे प्लांक वस्तुमान गुणिले प्रकाशवेग. हिशेब केला तर सुमारे साडेसहा किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. आता क्रिकेटचा चेंडू घ्या, १६० ग्रॅमचा. वेगवान गोलंदाजाने तो ताशी १४५ किलोमीटरने टाकला तर त्याचा संवेग भरतो जवळजवळ तितकाच. संपूर्ण प्लांक संवेग, वानखेडेवर, दर दुसऱ्या षटकाला! बीटाची शेपटी चेंडूच्या एकत्रित संवेगाला तशीच लागू असती, तर चेंडूचा वेग संवेगावरून निघणाऱ्या वेगाच्या जवळपास दुप्पट झाला असता, आणि ही गोष्ट सर्वांत आधी विकेटकीपरच्या ध्यानात आली असती. तसं होत नाही. म्हणजे दुरुस्ती कणाकणाला लागू असणार आणि गोळा मोठा होईल तशी विरळ होत जाणार. चेंडूत प्रोटॉन-न्यूट्रॉन १० च्या २६ व्या घाताइतके आहेत, त्यामुळे विरळ होऊन ती जवळपास नाहीशीच होते. इंग्रजी लिखाणात याला फुटबॉलचं नाव आहे. आम्ही चेंडू बदलला, कारण आकडा इतका चपखल बसतो. अडचण मात्र गंभीर आहे. दोन टनांचा दांडा किंवा २२ मायक्रोग्रॅमचा दोलक यांवरून काढलेली मर्यादा मूळ कणांच्या बीटाबद्दल काही सांगते की नाही, हे संयुक्त वस्तूंचा नियम ठरल्याशिवाय सांगता येत नाही. आणि तो नियम ठरलेला नाही.

दुसरी अडचण चिन्हाची. स्ट्रिंगवाल्यांची शेपटी अधिक चिन्हाची. लूपच्या बाजूने येणारं एक साधं प्रारूप आहे, ज्यात कण जणू सुट्या ठिपक्यांच्या रांगेवर राहतो. अष्टेकर, स्टीफन फेअरहर्स्ट आणि जोशुआ विलिस यांनी २००३ मध्ये ते तपासलं. तिथे संवेग साइन फलनातून येतो, वरून बांधलेला असतो, आणि क्रमाच्या फरकातली दुरुस्ती उणे चिन्हाची निघते. दोन्हीकडे लहान लांबी आहे, पण एकीकडे अनिश्चितता वाढते, दुसरीकडे मर्यादा सैल होते. 'क्वांटम गुरुत्व असं सांगतं' हे वाक्य कुणी उच्चारलं, की कुठलं क्वांटम गुरुत्व हे लगेच विचारावं.

या क्षेत्रात एक कुटिरोद्योगही फोफावला आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. कुठलंही जुनं उदाहरण घ्यायचं, त्यावर बीटा भुरभुरायचा, पहिल्या घातापर्यंत उत्तर काढायचं आणि निबंध पाठवून द्यायचा. मीही तारुण्यात असे दोन पाठवले आहेत. त्यांत चूक नव्हती, पण नवंही काही नव्हतं. आम्ही या पुस्तकात असली उदाहरणं मोजकीच ठेवली आणि भूमितीला जागा जास्त दिली, त्याचं कारण हेच.

वाचकाकडून अपेक्षा फार नाही. पदवीच्या तिसऱ्या वर्षाचं क्वांटम मेकॅनिक्स आणि विशिष्ट सापेक्षता पुरेशी आहे. वक्रता लागेल तिथे शिकवली आहे. पहिलं प्रकरण सूक्ष्मदर्शकाचं आणि दुसरं टॅन फलनाचं. ही दोन मात्र कागद-पेन्सिल घेऊन वाचावीत. ब्रॉनस्टाइनवरचं प्रकरण घाईत असलेल्यांनी ओलांडलं तरी गणित अडणार नाही. निर्देशांक क्रमनिरपेक्ष नसतील तर क्षेत्रफळ म्हणजे काय, हा प्रश्न पाचव्या प्रकरणात येतो आणि तिथून पुढे चढण आहे.

गेल्या वर्षी हे हस्तलिखित वर्गात वाटलं होतं. पद्मनाभन यांच्या भागावर आलो तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, एका बिंदूचं स्वतःपासूनचं अंतर शून्य नसेल, तर तो एक बिंदू आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?" मी फळ्यावर काढलेल्या ठिपक्याकडे बघितलं, खडूने तो थोडा मोठा केला, आणि तास संपल्याची घंटा झाली. तिच्या प्रश्नासाठी सातवं प्रकरण नव्याने लिहिलं आहे.